जुन्या टर्बो पेट्रोल गाडीत नक्की कुठलं पेट्रोल टाकायचं? साधं, ९५ की १००

सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न विचारतो. कोणी २००४-०५ ची ऑक्टाविया आरएस शोधून आणलेली असते, कोणी लिनिया टी-जेट, कोणी पोलो जीटी टीएसआय, कोणी इकोबूस्टवाली इकोस्पोर्ट, आणि मग पंपावर उभं राहून फोन येतो की साधं टाकू, पॉवर (ब्रँडेड महाग पेट्रोल) टाकू की सरळ १०० भरू. फोनवर एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. घाई असेल तर एवढं लक्षात ठेवा, ऑक्टेन पंपावरच्या बोर्डावरून किंवा भावावरून ठरवायचं नसतं, ते तुमच्या गाडीच्या आजच्या तब्येतीवरून ठरवायचं आणि मोजून खात्री करायची. मोजायला हजार रुपयांच्या आतला एक डोंगल (इंजिनाचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) आणि एक रविवार सकाळ पुरते.

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. १०० ऑक्टेनच्या लिटरमध्ये ९१ च्या लिटरपेक्षा काही जास्त उष्णता भरलेली नसते. ऑक्टेन एवढंच सांगतं की दाब आणि उष्णता वाढत गेली तर हे पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटायला किती विरोध करतं. मोजपट्टी पण साधी आहे, आयसो-ऑक्टेन नावाच्या हायड्रोकार्बनला १०० धरलं आणि एन-हेप्टेनला ०, मग आपलं पेट्रोल त्या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं ते टेस्ट इंजिनवर बघायचं.

सिलिंडरमध्ये प्लग ठिणगी टाकतो तेव्हा सगळं मिश्रण एकदम पेटत नाही, आग प्लगपासून कडेकडे पसरत जाते. ती पसरत असताना कोपऱ्यात जे न जळलेलं मिश्रण उरलेलं असतं ते दाबलं जातं, तापतं, आणि आग तिथे पोचायच्या आधीच स्वतःहून भडकलं की दाबाची लाट पिस्टनवर आणि हेडवर आपटते. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो, मेकॅनिक लोक म्हणतात गाडी नॉक मारतेय. घाटात चौथ्या गिअरला पाय दाबल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक खडखडाट येतो तो हाच.

टर्बोचा संबंध इथे येतो. साध्या इंजिनात बाहेरची हवा आहे त्या दाबाने आत जाते, टर्बो तीच हवा आधीच दाबून पाठवतो, आणि हवा दाबली की ती तापतेच (सायकलचा पंप मारून त्याच्या नळीला हात लावून बघा). म्हणजे सिलिंडरमध्ये शिरतानाच हवा जास्त दाबाची आणि जास्त गरम, त्यावर पिस्टन अजून साडेनऊ-दहा पट दाबणार. म्हणूनच नॉकिंगची पहिली शिकार टर्बो गाड्या होतात. हे दुखणं जुनंच आहे, १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर ही रस्त्यावर विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या टर्बो गाड्यांपैकी एक, तिचं कॉम्प्रेशन १०.२५ ठेवलेलं होतं आणि नॉकिंग थांबवायला मिथेनॉल आणि डिस्टिल्ड वॉटरचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडावं लागायचं. लोक ती टाकी भरायला विसरायचे आणि मग कटकटी सुरू व्हायच्या.

आपल्याकडच्या जुन्या टर्बो गाड्यांमध्ये, म्हणजे २००० नंतरच्या, नॉक सेन्सर असतो. तो ब्लॉकवर बोल्टने बसवलेला एक प्रकारचा कानच आहे. त्याने खडखडाट ऐकला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्या सिलिंडरची ठिणगी काही डिग्री उशिरा टाकतो, मग हळूहळू परत पुढे आणतो, परत ऐकू आलं की परत मागे. त्यामुळे कमी ऑक्टेन टाकलं म्हणून दुसऱ्या दिवशी इंजिन फुटत नाही. होतं काय, तर गाडी उचलत नाही, ॲव्हरेज पडतं, आणि ठिणगी उशिरा पडल्यामुळे सायलेन्सरकडे जाणारा धूर जास्त गरम होतो, तो गरम धूर आधी टर्बोतून जातो आणि मग कॅटमधून (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून). पंधरा-वीस वर्षांच्या टर्बोला रोज असं शेकणं परवडणारं नसतं, आणि मला खरी काळजी याचीच वाटते, पिकअप कमी-जास्त हा त्यानंतरचा विषय.

उलट बाजूने पण हेच लागू आहे. ईसीयूच्या मॅपमध्ये (म्हणजे ठरवून दिलेल्या आकड्यांच्या तक्त्यात) ठिणगी किती पुढे न्यायची याला वरची मर्यादा असते. ९५ साठी बनवलेली गाडी ९५ वर तब्येतीने चालत असेल तर १०० टाकून ती मर्यादा ओलांडत नाही.

पायरी १ : टाकीचं झाकण उघडा

खरंच, आधी झाकणाच्या आतला स्टिकर वाचा आणि मॅन्युअल असेल तर तेही काढा. युरोपियन गाड्यांवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक शिफारस केलेला आणि दुसरा चालेल असा, आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की दुसऱ्यावर पॉवर थोडी कमी मिळेल. तो कमीचा आकडा म्हणजे तुमची जमीन, त्याच्या खाली जायचं नाही. स्टिकर नसेल तर इंजिन कोडवरून शोधा. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या पॉवरची इंजिनं येतात आणि त्यांची ऑक्टेनची भूक वेगळी असते. १.८ टर्बो म्हटलं तरी १५० पीएस वेगळं आणि १८० पीएस वेगळं.

स्टिकरवर आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर, ऑक्टेन मोजायची एक पद्धत) लिहिलंय का ते बघा. आपल्याकडे आणि युरोपात आरओएन चालतं, अमेरिकेत पंपावर जो आकडा दिसतो तो आरओएन आणि एमओएनची (मोटर ऑक्टेन नंबर, जास्त कडक टेस्टचा आकडा) सरासरी असते, त्यामुळे तो चार-पाचने कमी दिसतो. तिकडचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१, तिकडचं ९१ म्हणजे साधारण ९५-९६ आणि तिकडचं ९३ म्हणजे जवळपास ९८. न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाने जुनी टर्बो घेतली आणि पंपावर ९३ बघून म्हणाला की आमच्याकडे तुमच्यापेक्षा हलकं मिळतं, तसं नाहीये ते. कॅलिफोर्नियात प्रीमियम बहुतेक ९१ च असतं, तिथल्यांनी रिमॅप (पॉवरसाठी ईसीयूचा मॅप बदलणं) करताना हे लक्षात घ्यावं. आणि कोलोरॅडोसारख्या उंच भागात ८५ मिळतं ते टर्बो गाडीत अजिबात टाकू नका, विरळ हवेत साध्या इंजिनात नॉकिंग कमी होतं हे खरं असलं तरी टर्बो ती विरळ हवा परत दाबून भरून काढतो.

पायरी २ : आपल्या पंपावर आज काय मिळतंय ते समजून घ्या

ही माहिती जुन्या लेखांमध्ये चुकीची सापडेल कारण मधल्या काळात बरंच बदललंय. आपलं साधं पेट्रोल पूर्वी ८८ आरओएन होतं, मग ९१ झालं, आणि कितीतरी वर्षं आपण सगळे "साधं म्हणजे ९१, आपली गाडी ९५ ची, म्हणून पॉवर टाका" असंच सांगत आलो. फेब्रुवारी २०२३ पासून ई२० यायला लागलं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं, त्यामुळे मिश्रणाचा आकडा वर जातो. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं की ई२० मुळे साधं पेट्रोल ९५ आरओएनचं झालंय.

म्हणजे ज्या गाडीच्या झाकणावर ९५ लिहिलंय तिच्यासाठी कागदावर तरी साधं ई२० पुरेसं आहे. केवळ ऑक्टेनसाठी लिटरमागे जास्त पैसे देऊन ९५ चा ब्रँडेड प्रकार घ्यायचं कारण पूर्वीइतकं उरलेलं नाही. त्यात इंजेक्टर साफ ठेवणारे ॲडिटिव्ह असतात हे खरं, पोर्ट इंजेक्शनच्या जुन्या इंजिनात ते इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतात म्हणून उपयोगी पण पडतात, पण टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हच्या मागची काजळी कुठल्याही पेट्रोलने निघत नाही, ती हेड उघडून किंवा वॉलनट ब्लास्टिंगनेच (अक्रोडाच्या टरफलांचा चुरा जोरात मारून) काढावी लागते.

वरच्या टोकाला इंडियन ऑइलचं एक्सपी १०० आहे, ते डिसेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा दहा शहरांत आलं, त्यात मुंबई आणि पुणे होतं. भाव साध्यापेक्षा दीडपटीच्या आसपास जातो. ते इथेनॉलशिवाय विकलं जातं म्हणून आता जुन्या गाड्यावाले ऑक्टेनपेक्षा त्यासाठीच ते शोधतात, पण ही गोष्ट बदलू शकते, भरायच्या आधी पंपावर विचारून घ्या.

पायरी ३ : पेट्रोल बदलायच्या आधी गाडी तपासा

ही पायरी मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगतो, कारण माझे स्वतःचे सहा-सात महिन्यांचे पैसे यात गेले. माझी गाडी त्याच काळातली टर्बो सेडान, इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारी जाळी) पुढच्या चाकाच्या कमानीत. जुलैत कोकणात गेलो होतो, आंबा घाटाने उतरून राजापूरच्या बाजूला, कच्चे रस्ते, तांबडी माती, परत आल्यावर वरून गाडी धुतली. ऑक्टोबरचं ऊन सुरू झाल्यावर खंबाटकी चढताना गाडी नॉक मारायला लागली. मला वाटलं पेट्रोल खराब, पंप बदलला, मग ९५ सुरू केलं, मग त्यात अधूनमधून १०० मिसळायला लागलो, थोडा फरक पडायचा म्हणून तेच चालू ठेवलं. शेवटी पुढच्या एप्रिलमध्ये एका मित्राने चाकामागचं प्लास्टिकचं लायनर उघडलं तर इंटरकूलरच्या जाळीत ती तांबडी माती विटेसारखी वाळून बसलेली. ब्रशने आणि हलक्या पाण्याने अर्धा तास साफ केलं. त्याच चढावर इनटेकच्या हवेचं तापमान आधी सत्तरच्या वर जायचं ते पन्नासच्या खाली आलं आणि साध्या पेट्रोलवर आवाज बंद.

तर आधी हे बघा. इंटरकूलरची जाळी आणि त्याच्याकडे हवा नेणारं प्लास्टिकचं डक्ट, ते बऱ्याच गाड्यांत ॲक्सिडेंटच्या कामात काढलेलं असतं आणि परत लावलेलंच नसतं. प्लग कंपनीने सांगितलेल्या हीट रेंजचेच आहेत का, गॅप बरोबर आहे का, कारण दुकानदार "बसतोय ना" म्हणून गरम रेंजचा प्लग देतो आणि टर्बोत तो स्वतःच लाल होऊन मिश्रण पेटवतो. व्हॅक्यूमचे बारीक होज पाइप, १५ वर्षांत ते बिस्किटासारखे तुटतात, तिथून न मोजलेली हवा आत गेली की मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण जास्त तापतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतली वाफ बेताने इनटेकमध्ये सोडणारा), कारण तो गेला की इंजिन ऑइलची वाफ इनटेकमध्ये जाते, आणि ऑइल मिसळलं की तुमच्या ९५ चं ऑक्टेन सिलिंडरमध्ये पोचेपर्यंत खाली आलेलं असतं. इंटरकूलरचा पाइप काढल्यावर चमचा-दोन चमचे ऑइल दिसलं तर जुन्या टर्बोत चालतं, वाटीभर निघालं तर आधी ते दुखणं शोधा. मग थर्मोस्टॅट, रेडिएटर फॅनचे दोन्ही स्पीड, फ्युएल फिल्टर आणि पंपाचं प्रेशर.

आणि सिलिंडरमधली काजळी. शहरात रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर बसतो, त्याने कॉम्प्रेशन थोडं वाढतं आणि त्या काजळीचे निखारे होतात. अशा गाडीला आठवड्यातून एकदा हायवेवर इंजिन पूर्ण गरम झाल्यावर अर्धा तास मोकळं चालवा.

पायरी ४ : गाडी रिमॅप आहे का हे शोधा

सेकंडहँड टर्बो घेतलीय आणि आधीचा मालक हौशी होता, तर झाकणावरचा स्टिकर तुमच्या कामाचा नाही. रिमॅप करताना बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवलेला असतो आणि ठिणगी पुढे आणलेली असते, आणि तो मॅप कुठल्या पेट्रोलसाठी लिहिला हे फक्त करणाऱ्याला माहीत. आधीच्या मालकाला स्पष्ट विचारा, बिल असेल तर मागा. तो नाही म्हणाला तरी बूस्ट लॉग करून बघा, स्टॉक (कंपनीतून आली तशी) १५० पीएस १.८ टर्बो साधारण अर्ध्या बारच्या आसपास बूस्ट करते, ती एक बार दाखवत असेल तर कोणीतरी हात लावलेला आहे. असा मॅप ९७-९८ साठी असेल तर दोनच सरळ रस्ते आहेत, कायम १०० च्या आसपासचं भरायचं किंवा स्टॉक फाइल परत टाकायची. मी तर म्हणेन रोजच्या गाडीला स्टॉक फाइल टाका. "नॉक सेन्सर सांभाळून घेईल" या भरवशावर जास्त बूस्टची गाडी कमी ऑक्टेनवर चालवणं म्हणजे ब्रेक आहेत म्हणून उतारावर न्यूट्रल करण्यासारखं आहे.

पायरी ५ : मोजा

आता डोंगल. बहुतेक जुन्या युरोपियन गाड्यांना ओबीडी पोर्ट (तपासणीचं सॉकेट) असतो, त्यात ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ डोंगल लावा आणि मोबाइलवर टायमिंग ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडतेय), इनटेक एअर टेंपरेचर, कूलंट आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय) हे चार आकडे रेकॉर्ड करा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या १.८ टर्बोसाठी व्हीसीडीएसची (या गाड्या तपासायच्या सॉफ्टवेअरची) केबल मिळाली तर उत्तम, कारण त्यात मेजरिंग ब्लॉक ०२० मध्ये चारही सिलिंडरची ठिणगी किती डिग्री मागे ओढली जातेय ते वेगवेगळं दिसतं. साध्या डोंगलवर फक्त एकूण टायमिंग दिसतं, तेवढ्यावर पण तुलना करता येते.

टाकी रिझर्व्हला आणा, मग एकाच पंपावरून एका प्रकारचं पेट्रोल भरा. लगेच टेस्ट करू नका, आधीचं उरलेलं पाच-सात लिटर पेट्रोल असतं आणि ईसीयूला पण नवीन पेट्रोलशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून निदान शंभर-दीडशे किलोमीटर जाऊ द्या, दुसरी टाकी त्याच पेट्रोलची असेल तर अजून चांगलं. मग एक ठरावीक चढ निवडा, रिकामा, दूरवर दिसणारा. मी पहाटे जातो. तिसरा गिअर, २००० आरपीएमला स्थिर, मग पाय पूर्ण दाबून ५००० पर्यंत, परत थंड होऊ द्यायचं, असं तीन वेळा. फोन शेजारच्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही. प्रत्येक वेळी तोच चढ, तेवढीच माणसं, एसी एकतर नेहमी चालू किंवा नेहमी बंद, आणि हवा पण साधारण तशीच. जानेवारीच्या पहाटे साध्यावर आणि मे महिन्याच्या दुपारी ९५ वर मोजलं तर उत्तर उलटंच येईल. आकडे वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी गाडीची तब्येत बघायला हीच वही कामी येते.

पायरी ६ : आकडे वाचा

ब्लॉक ०२० सारखे आकडे असतील तर माझा स्वतःचा हिशोब असा आहे. पूर्ण लोडवर शून्य ते तीन डिग्री मागे जाणं म्हणजे गाडी खूश आहे, आहे तेच पेट्रोल ठेवा. तीन ते सहा म्हणजे उन्हाळ्यात लक्ष ठेवा, मे महिन्यापुरतं वरचं पेट्रोल टाकायला हरकत नाही. सगळ्याच सिलिंडरमध्ये सहाच्या वर जात असेल तर एकतर पेट्रोल कमी पडतंय किंवा पायरी ३ मधलं काहीतरी राहिलंय, आणि इनटेकचं तापमान साठ-सत्तरच्या वर दिसत असेल तर आधी इंटरकूलरच.

पण चारपैकी एकाच सिलिंडरमध्ये मोठा आकडा असेल आणि बाकीचे शांत असतील तर तो ऑक्टेनचा प्रश्न नाही. त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल, इंजेक्टर बघा. कधीकधी सैल झालेला ब्रॅकेट किंवा इंजिनला घासणारा एखादा पाइप असा आवाज करतो की नॉक सेन्सरला ते नॉकिंगच वाटतं. नॉक सेन्सरचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कलाच घट्ट लागतो हे पण कित्येकांना माहीत नसतं, कमी-जास्त झाला की तो एकतर बहिरा होतो किंवा नसलेलं ऐकतो.

साध्या डोंगलवर फक्त तुलना करा. त्याच चढावर त्याच आरपीएमला ९५ ब्रँडेड किंवा १०० टाकल्यावर टायमिंग तीन-चार डिग्री पुढे आलं तर तुमची गाडी ते ऑक्टेन वापरतेय. अर्धा-एक डिग्री फरक असेल तर पैसे वाचवा.

फ्युएल ट्रिमकडे पण बघा. ई२० ला हवेचं प्रमाण वेगळं लागतं, शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा तर ई२० ला साधारण साडेतेरा, म्हणजे त्याच हवेला जास्त इंधन. जुना ईसीयू लाँग टर्म ट्रिम सहा-सात टक्के वर नेऊन ते भरून काढतो, तेवढं ठीक आहे. पण गाडीत आधीच हवा लीक असेल आणि ट्रिम आठ-दहावर असेल, त्यात ई२० ची भर पडली, तर ईसीयूची सुधारायची मर्यादा संपते, लॅम्ब्डाचा (ऑक्सिजन सेन्सरचा) लाइट लागतो आणि पूर्ण लोडवर मिश्रण पातळ राहायचा धोका असतो. तिथे ऑक्टेन ९५ असून काही उपयोग नाही.

पायरी ७ : ठरवा, आणि पैशाचा हिशोब करा

समजा वर्षाला १२,००० किलोमीटर आणि ॲव्हरेज ११. म्हणजे साधारण १,०९० लिटर. लिटरमागे ८ रुपये जास्त दिले तर वर्षाला साडेआठ-पावणेनऊ हजार. लिटरमागे ५५ जास्त दिले तर साठ हजार. साठ हजारात चांगले प्लग, सगळे व्हॅक्यूम होज, पीसीव्ही, थर्मोस्टॅट आणि इंटरकूलर साफ करून वर पैसे उरतात. हा हिशोब मी प्रत्येकाला करायला लावतो.

मधला रस्ता मिसळण्याचा. ऑक्टेन साधारण सरळ सरासरीने धरलं तरी कामापुरतं चालतं, २० लिटर ९५ आणि २० लिटर १०० म्हणजे ९७ ते ९८. ९८ ची शिफारस असलेली १८० पीएसवाली गाडी असेल तर मी हेच करेन, आणि तेही मार्च ते जून. पावसाळ्यात आणि थंडीत थंड हवा आत जाते, तेव्हा तीच गाडी ९५ वर बऱ्याचदा शांत असते. विदर्भात असाल, ४४-४५ डिग्रीत गाडी चालवत असाल, तर उन्हाळ्याचं पेट्रोल एक पायरी वरचं ठेवा असं सरळ सांगतो.

टीएसआय आणि इकोबूस्टसारख्या छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोवाल्यांना एक वेगळी गोष्ट. कमी आरपीएमला, १५०० च्या आसपास, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो, त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि तो नेहमीच्या नॉकिंगपेक्षा खूप जोरात असतो, पिस्टनची लँड (रिंगांच्या मधली कड) तोडू शकतो. तिथे जास्त ऑक्टेन हा पूर्ण उपाय नाही. ऑइल एपीआय एसपी ग्रेडचं टाका, ती २०२० मध्ये आली आणि त्यात याची टेस्ट आहे, फक्त कंपनीचं अप्रूव्हल पण त्या डब्यावर आहे ना ते बघा. आणि चढावर गिअर खाली टाका, इंजिन रगडू नका.

बाटल्या, गोळ्या आणि पंप

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर "३० पॉइंट वाढवा" लिहिलेलं असतं, तिथे एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन, म्हणजे ९५ चं ९८, तेही सांगितलेलं प्रमाण नेमकं पाळलं तर. शिवाय बऱ्याच बाटल्यांत मँगनीजचं किंवा लोखंडाचं संयुग असतं, ते प्लगवर लालसर थर धरतं आणि ऑक्सिजन सेन्सर खराब करतं. अडीअडचणीला एक बाटली डिकीत असली तर असू द्या, सवय नको. आणि डांबर गोळ्या टाकीत टाकायचा जुना सल्ला अजून गावागावांत ऐकू येतो, कृपा करून करू नका, पेट्रोल उडून गेलं की त्याचे स्फटिक इंजेक्टरच्या बारीक भोकात बसतात.

पंप निवडताना महाग पेट्रोलचा खप कुठे जास्त आहे ते बघा. जिथे १०० ची एक गाडी आठवड्यात येते तिथलं पेट्रोल टाकीत पडून असतं. घनता विचारायचा, फिल्टर पेपर टेस्ट मागायचा तुम्हाला हक्क आहे, पेपरवर थेंब टाकला की दोन मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. घनता १५ डिग्रीला ७२० ते ७७५ च्या मध्ये हवी आणि पंपाच्या त्या दिवशीच्या नोंदीशी जुळायला हवी. यातून ऑक्टेन कळत नाही, पण रॉकेलसारखी भेसळ असेल तर संशय येतो, आणि रॉकेलची भेसळ ऑक्टेन फार वेगाने खाली आणते.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर ई२० ची अर्धी टाकी तशीच सोडू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी फार झालं तर इथेनॉल आणि पाणी खाली बसतं, आणि वर जे पेट्रोल उरतं त्याचं ऑक्टेन इथेनॉल निघून गेल्यामुळे कमी झालेलं असतं. २००० च्या दशकातल्या गाडीचे रबरी फ्युएल होज आणि ओ-रिंग एकदा बदलून घ्या, आधी हात लावून बघा, मऊ पडलेत, फुगलेत किंवा पेट्रोलचा वास येतोय तर वाट बघू नका, टर्बो शेजारीच लालबुंद असतो.

चुकून हलकं भरलं गेलं तर

रात्री कुठल्यातरी आडगावात जे मिळालं ते भरलं आणि पुढे कसारा किंवा अंबोली चढायचीय, तर घाबरायचं कारण नाही. बूस्टमध्ये जायचं नाही एवढंच. एक गिअर खाली, आरपीएम २५०० ते ३५०० मध्ये, पाय अर्ध्याच्या वर नाही, चढ तीव्र असेल तर एसी बंद. खडखड ऐकू आली की पाय लगेच उचला, गिअर टाका आणि मग परत हळूच द्या. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, दोन मिनिटं आयडलवर ठेवा म्हणजे टर्बोला ऑइल मिळत राहतं. पुढच्या मोठ्या पंपावर टाकीत जेवढी जागा झाली असेल तेवढं चांगलं पेट्रोल वरून भरा, आधीचं काढून टाकायची गरज नसते, मिसळलं की आकडा वर येतोच, आणि शंभर किलोमीटरनंतर त्याच डोंगलवर टायमिंग परत जागेवर आलं का ते बघून घ्या.